डेड स्टॉकमधला फुटबॉल

फुटबॉल हा जगातला सगळ्यात स्वस्त खेळ, असं सांगतात. बॅट नको, पॅड नकोत, गोलपोस्ट नसले तर दोन दप्तरं ठेवली तरी चालतात. एक चेंडू असला की झालं. हे सांगणाऱ्याने अकरा कॉलेजकुमार सकाळी सहा वाजता एका ठिकाणी गोळा करून दाखवावेत. मी स्वखर्चाने त्याला शाल-श्रीफळ देईन.

मी नाशिकच्या एका कॉलेजात कॉस्ट अकाउंटिंग शिकवतो. फुटबॉलशी माझा संबंध डिसेंबर २०२२मधल्या एका रविवारी रात्रीपुरता होता. अर्जेंटिना-फ्रान्स फायनल ३-३ होऊन पेनल्टीवर गेली, आणि सोमवारी स्टाफरूममध्ये चहा पिताना मी एम्बापेच्या हॅटट्रिकबद्दल जरा मोठ्याने बोललो. प्राचार्य तेव्हा मस्टर चाळत होते. काही बोलले नाहीत. प्राचार्य मंडळी अशा गोष्टी लगेच वापरत नाहीत, मुरवतात. यंदा जूनमध्ये समित्यांची यादी लागली, तेव्हा 'फुटबॉल संघ व्यवस्थापक' या शब्दांपुढे माझं नाव होतं. विचारायला गेलो तर म्हणाले, "तुम्हाला आवड आहे ना!" आवडीवर अपील नसतं.

आमच्या जिमखान्याचे सर कबड्डीतले. माणूस देवासारखा, पण फुटबॉलबद्दल त्यांचं मत ठाम आहे : "हात लावायचा नाही, धरायचं नाही, पाडायचं नाही. मग खेळायचं काय?" त्यांनी कपाटाची चावी माझ्या हातात दिली आणि ते मॅट पसरायला निघून गेले.

कपाटात चार फुटबॉल होते आणि त्यांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टेबल-खुर्च्यांसारख्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, होती. शास्त्राप्रमाणे चेंडू ही झिजणारी वस्तू, तिची जागा उपभोग्य साहित्यात. पण ज्याने कुणी ही नोंद केली, त्याला पुढचं दिसत होतं. नियमाप्रमाणे चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम हवं. त्यातल्या एकाचा घेर मी खरंच मोजायला घेतला, पण तो कुठून मोजावा तेच ठरेना. हवा भरायचा पंप होता, पिन नव्हती. पिन वडापावच्या भावात मिळते. पण कॉलेजसाठी ती घ्यायची तर मागणीपत्र, तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता आणि खरेदी समितीची मंजुरी लागते. मी स्वतःच खरेदी समितीवर असल्यामुळे पळवाट काढायचीही सोय नाही. शेवटी सातपूरच्या एका सायकलवाल्याने पिन उसनी दिली. ती अजून परत केलेली नाही, त्यामुळे हल्ली त्या रस्त्याने जात नाही.

मग नोटीस लावली. 'फुटबॉल संघ निवड चाचणी. इच्छुकांनी नावे द्यावीत.' नावं इतकी आली की मला भरून आलं. नंतर कळलं की वर्गात कुणीतरी 'हजेरी लागणार आणि ट्रॅकसूट मिळणार' अशी आवई उठवली होती. ट्रॅकसूट विभागीय संघात निवड झाल्यावर मिळतो, हे मी सांगितलं आणि अर्धी यादी जागच्या जागी विरली. उरलेल्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "सर, दहा नंबर कुणाला?" मेस्सीचा दहा आणि रोनाल्डोचा सात, एवढेच दोन आकडे या खेळात आहेत अशी आमच्या मुलांची समजूत आहे. दोन हवा कुणाला? तीन? चार? कुणी ढुंकून बघेना. अखेर तडजोड म्हणून १०, ७, ७७, ७०, १७ आणि ०७ असे शर्ट छापले गेले. ०७ आणि ७ हे एकच आहेत, हे मी अकाउंट्सचा माणूस म्हणून सांगून पाहिलं. छापणारा म्हणाला, "सर, पोरगं खूश आहे ना? मग?"

संघात फुटबॉल खरोखर येणारा एकच मुलगा आहे आणि तो कोल्हापूरचा. तिकडे पेठापेठांतल्या तालमींचे संघ असतात, शाहू स्टेडियमवर सामना असला की दुकानदाराचं गल्ल्यात लक्ष लागत नाही. तो इथे फार्मसीला प्रवेश मिळेना म्हणून आमच्याकडे बी.कॉम.ला आला आणि पहिल्या सरावात आमची मुलं बघून बराच वेळ नुसता उभा राहिला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, ह्यास्नी आधी पळवाय पायजे. बॉल नंतर दाखवूया." मी त्याला तिथल्या तिथे कोच नेमला. नेमणुकीला मानधन नाही, त्यामुळे कोटेशनंही लागली नाहीत.

आता मैदान. नियम म्हणतो, मैदान किमान ९० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद हवं. आमच्या मैदानाची लांबी दुचाकी पार्किंगपाशी संपते आणि रुंदी वनस्पतिशास्त्र विभागाच्या कोरफडीपाशी. म्हणून पळायला गोल्फ क्लब आणि खेळायला शेजारचं ईदगाह मैदान असं ठरलं. बाहेरगावच्यांसाठी सांगतो : नाशिककर ज्याला गोल्फ क्लब म्हणतो, त्याचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे क्रिकेट सामने होतात आणि भोवतीच्या जॉगिंग ट्रॅकवर अख्खं शहर सकाळी साखर उतरवायला येतं. गोल्फ तेवढा दिसत नाही. त्या गर्दीत आमची मुलं पळू लागली की मागून सत्तरीतले काका 'बाजू, बाजू' करत त्यांना ओलांडून जायचे. एक आजोबा रोज थांबून सल्ला द्यायचे. त्यांचा सल्ला सगळ्या खेळांना चालेल असा होता : "पाणी बसून प्या." सावरपाड्याची कविता राऊत याच जिल्ह्यातली, २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने कांस्य जिंकलं, असं मी मुलांना स्फुरण चढावं म्हणून सांगितलं. ०७ नंबरने धापा टाकत विचारलं, "सर, दहा हजार मीटर म्हणजे आपल्या किती फेऱ्या?" मी गणित करून सांगेपर्यंत तो बाकावर जाऊन बसला होता. पाणी मात्र बसून प्यायला.

पावसाळ्यात ईदगाह मैदानावर चिखल होतो आणि बूट वाळत नाहीत. ओल्या बुटांवरून कुरबुर सुरू झाली तसा कोल्हापूरकराने इतिहास काढला. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला संघ फ्रान्सविरुद्ध खेळला, बहुतेकांच्या पायांत बूट नव्हते, तरी सामना २-१ असा थोडक्यात गेला, तोही दोन पेनल्टी हुकल्या म्हणून. मुलांनी यातून काढलेला निष्कर्ष असा, की पेनल्टी हुकवायला बूट लागत नाहीत, मग बुटांवर खर्च कशाला? दुसऱ्या दिवशी दोघं अनवाणी आले. त्यातल्या एकाच्या पायात बाभळीचा काटा गेला आणि आठवडाभर तो लंगडत, पण ऐतिहासिक चेहरा करून, फिरत होता.

तरी खेळ, चिखल, बूट हे सगळं परवडलं. संघाचा खरा शत्रू वेगळाच आहे आणि तो वेळ. एकवीस वर्षांच्या मुलाला इतकी कामं असतात हे मला माहीत नव्हतं. एकजण पहाटे दुधाच्या पिशव्या टाकतो. दुसरा अंबडच्या कंपनीत नाइट शिफ्ट करून थेट मैदानावर येतो आणि कॉर्नर घेण्याआधी झेंड्याला टेकून डुलकी काढतो. तिसऱ्याची सकाळची स्पर्धा परीक्षेची बॅच. चौथा नाशिकरोडहून येतो आणि रोज द्वारका सर्कलला अडकतो. सकाळी सहालासुद्धा? "सर, सिंहस्थाची कामं चालू आहेत ना." या वाक्यावर नाशिकमध्ये उलटतपासणी होत नाही. आमचा सगळ्यात चांगला स्ट्रायकर तर खेळूच शकत नाही, कारण तो इयर डाऊन आहे. त्याचं नाव यंदाच्या पटावर नाही. तरी तो रोज सगळ्यांच्या आधी येतो. ज्यांची नावं पटावर आहेत त्यांनी याच्याकडून काही शिकावं, असं मी म्हणणार होतो. पण शिकायला ते आलेलेच नव्हते.

त्यात आषाढ सरत आला आणि ढोलपथकांचा सराव सुरू झाला. गोलकीपर, दोन्ही बॅक आणि मिडफिल्डमधला एक असे चौघं एकाच पथकात. संध्याकाळचा सराव त्यांनी परस्पर रद्द केला. सकाळी गोलकीपर आला तो तळहात वर करून. टिपरू आणि थापेने हातांना फोड आलेले. "सर, आज बॉल पायानेच अडवतो," म्हणाला. मी पथकाच्या प्रमुखाला भेटायला गेलो. तो आमचाच माजी विद्यार्थी निघाला. त्याने वाकून नमस्कार केला, चहा पाजला आणि अत्यंत आदराने एकही मुलगा सोडला नाही. एक मात्र कबूल करायला हवं. त्या अंगणात हीच मुलं वेळेवर आली होती, ओळीत उभी होती, कंबरेला ढोल बांधून तासभर न थांबता वाजवत होती, आणि दोन नंबरच्या जागी उभं राहायला कुणाचीही ना नव्हती.

कोल्हापूरकराने मग देवाधर्मातूनच वाट काढली. तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते, वीसेक किलोमीटरची. "सर, स्टॅमिना वाढंल आणि पुण्य बी मिळंल." गंमत म्हणजे सरावाला न येणारा एकूण एक मुलगा फेरीला आला. रविवारी रात्री कुशावर्तापासून निघालो. पाऊस, चिखल, पुढेमागे हजारो माणसं आणि 'बम बम भोले'चा गजर. दुचाकीशिवाय कोपऱ्यावरच्या टपरीवर न जाणारी ही मुलं रात्रभर चालली, वाटेत एका आजींचं गाठोडं आळीपाळीने उचललं, आणि मला मागे टाकून पुढे जाऊन माझ्यासाठी थांबली. फायदा झाला का? पुढचे काही दिवस एकाचेही पाय उचलत नव्हते. सराव बंद.

उरला रविवार. रविवारी सरावानंतर मिसळ असते, म्हणून रविवारी हजेरी भरगच्च. पाणी उडवत चाललेला खेळ कडेच्या टपरीवरून तर्रीचा वास आला की आपोआप त्या बाजूला सरकतो. आमचे हल्ले नेहमी उजवीकडूनच का होतात, याचं उत्तर तिथे आहे. कॉलेजचा अल्पोपाहार भत्ता केळी आणि अंड्यांसाठी मंजूर आहे. पण श्रावणात अंडं कुणाला चालत नाही आणि केळं उपासाचं म्हणून बाजूला ठेवतात. अकाउंट्सचा माणूस असून बिलावर मी काय लिहितो, ते विचारू नका.

सीझनआधी एक सराव सामना हवाच, म्हणून गंगापूर रोडकडच्या एका प्रशिक्षण वर्गाशी ठरवला. समोर तेराचौदा वर्षांची पोरं बघून आमच्या कॅप्टनने मला कडेला घेतलं, "सर, हळू खेळू ना? लागायचं कुणाला." हाफटाइमला आम्ही पाच गोलने मागे होतो. एक चिमुरडा आमच्या ७७ नंबरला चकवताना "काका, सॉरी हं" म्हणाला, ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. जमेची बाजू एकच, आम्ही सामनाभर एकदाही ऑफसाइड झालो नाही. स्वतःच्या अर्ध्यात खेळाडू ऑफसाइड धरत नाहीत, आणि आम्ही तो अर्धा सोडलाच नाही.

नियमांच्या पुस्तकातला एक नियम मात्र मी रात्री झोपताना आठवतो. संघात सात खेळाडू असले तरी सामना सुरू करता येतो. त्याहून कमी असतील तर नाही. ज्याने हा नियम केला तो कधीतरी छोट्या कॉलेजात फुटबॉल संघाचा व्यवस्थापक असावा.

गेल्या आठवड्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा ड्रॉ निघाला. पहिल्या फेरीत आम्हाला बाय मिळाला, म्हणजे न खेळता थेट दुसऱ्या फेरीत. संध्याकाळपर्यंत कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला : 'दुसऱ्या फेरीत दिमाखदार प्रवेश!' वर संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य. खाली स्टॅम्पएवढा संघ. त्यात इयर डाऊन स्ट्रायकर मधोमध बसलेला आहे आणि गोलकीपर अर्धा कापला गेलाय. जिमखान्याचे सर पहिल्यांदाच माझा हात हातात घेऊन म्हणाले, "असा खेळ असेल तर बरा आहे."

दुसरी फेरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आहे. काल गोलकीपर स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. वाकडी बारवेपासून मिरवणूक निघाली की त्यांचं पथक मध्यरात्रीपर्यंत वाजवणार, हे त्याने आधीच सांगून टाकलं.

"मी येणार सर, शब्द. फक्त हातांचं काही खरं नाही. ग्लोव्हज मिळतील का?"

ग्लोव्हजची तीन कोटेशनं मागवली आहेत.