चहाची ट्रॉली, केबिन क्रूचा पगार आणि अविनाशरावांचा राग

अविनाशराव, नमस्कार.

विमानात चहापाणी न मिळण्यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमची लांबलचक आणि चांगलीच तिखट प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अडीच तासांच्या प्रवासात तुमच्या रांगेपर्यंत ट्रॉली आलीच नाही, दोनदा बेल दाबून मागितलेलं पाणी थेट उतरायच्या वेळी मिळालं आणि मागे पडद्याआड क्रूची मंडळी निवांत बसलेली तुम्ही पाहिलीत. त्यावरून तुम्ही म्हणता की हे लोक कंपनीवरचा राग प्रवाशांवर काढतात आणि माझ्यासारखे लिहिणारे त्यांना डोक्यावर चढवून ठेवतात. मग तुम्ही २०२५ चा कॅनडातला संप काढलात, ‘हवेतले वेटर’ म्हणालात आणि शेवट केलात तो असा: नोकरी आवडत नसेल तर सोडा, प्रवाशांना वेठीला धरू नका.

पाण्यापुरतं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पाणी मागितल्यावर ते मिळायलाच हवं होतं. क्रूला उठता येत नसेल तर निदान ‘थोडं थांबा’ एवढं तरी कुणी सांगायला हवं होतं. पीएनआर आणि सीट नंबर घालून कंपनीकडे तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर नागरी उड्डाण मंत्रालयाचं ‘एअरसेवा’ आहे.

पण पाणी मिळालं नाही इथपासून ‘त्यांनी सूड उगवला’ इथपर्यंत तुम्ही एका उडीत पोचलात, ते मला मान्य नाही. तुमच्याच प्रतिक्रियेत तिसऱ्या-चौथ्या ओळीत एक वाक्य आहे: ‘पावसाळी हवा होती, अर्धा वेळ पट्ट्याची खूण पेटलेलीच होती.’ तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात. माझ्या मते सगळं उत्तर तिथेच आहे.

लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं एसक्यू ३२१ हे विमान २१ मे २०२४ ला म्यानमारवरून जाताना हवेच्या जबरदस्त हेलकाव्यात सापडलं. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. त्यानंतर काही दिवसांतच कंपनीने नियम बदलला. पट्ट्याची खूण पेटली की जेवण वाढणं थांबवायचं आणि क्रूनेही जागेवर बसून पट्टा लावायचा. गरम पेयं तर आधीपासूनच बंद होती. कोरियन एअरने त्याच वर्षी केबिनमधली सेवा उतरण्याआधी ४० मिनिटं आटपायचं ठरवलं आणि इकॉनॉमीतले कप नूडल्स बंदच केले, कारण उकळत्या पाण्याचे कप हेलकाव्यात मांडीवर सांडत होते. अमेरिकेतल्या साउथवेस्टने डिसेंबर २०२४ पासून विमान १८ हजार फुटांवर आलं की सेवा थांबवायला सुरुवात केली, आधी ही मर्यादा १० हजार फूट होती. हे सगळे निर्णय वरच्या मजल्यावर झालेले आहेत. ट्रॉली ढकलणाऱ्या मुलीला कुणी विचारलेलं नाही. हेलकाव्यात सगळ्यात जास्त मार तिलाच बसतो, कारण बाकीचे पट्टा लावून बसलेले असतात आणि ती भरलेल्या, जड ट्रॉलीसोबत उभी असते. तेव्हा पडद्याआड तुम्हाला जे दिसलं ते बहुधा नियमाप्रमाणे बसणं होतं. बसल्या बसल्या गप्पाही मारत असतील, तो काही गुन्हा नाही.

आता जरा हिशेब करू. आपल्याकडच्या ए-३२० जातीच्या विमानात १८० ते १८६ जागा असतात आणि ५० जागांमागे एक हा किमान नियम धरून चार जणांचा क्रू. मुंबई–गोवा घ्या. वेळापत्रकात सव्वा तास असला तरी हवेत ४५-५० मिनिटं. चढण, उतरण आणि सुरक्षेची तयारी वजा केली की हातात २० मिनिटं उरतात. दोन्ही टोकांकडून दोन ट्रॉल्या निघाल्या तरी माणशी १३ सेकंद. त्यात ‘साखर वेगळी द्या’, ‘पाचशेचे सुटे नाहीत’, ‘यूपीआय चालतं का’ आणि मधूनच बाथरूमला निघालेले आजोबा. तुमचा प्रवास लांबचा होता हे खरं, पण त्यातला अर्धा वेळ खूण पेटलेली होती. शिवाय कमी दराच्या कंपन्यांत ती ट्रॉली म्हणजे फिरतं दुकान असतं, आणि अशा पुष्कळ कंपन्यांत क्रूला विक्रीवर कमिशन मिळतं. ट्रॉली न काढण्यात नुकसान कुणाचं, ते तुम्हीच ठरवा.

मुद्दाम सेवा रोखून केलेली आंदोलनं नसतात असं मी म्हणत नाही. २०१२ च्या डिसेंबरात, ऐन ख्रिसमसच्या तोंडावर, हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकच्या केबिन क्रू संघटनेने इशारा दिला होता: मागणी ५ टक्के पगारवाढीची, कंपनी देतेय २ टक्के, तेव्हा आम्ही प्रवाशांकडे बघून हसणार नाही आणि वेळ आली तर मद्य आणि जेवण देणंही थांबवू. जगभर या बातमीची चेष्टा झाली. मला मात्र तो फार सभ्य इशारा वाटतो. विमान वेळेवर सुटणार, सुरक्षितपणे पोचणार, फक्त हसू आणि वाइन मिळणार नाही. जपानमध्ये ओकायामाच्या बसचालकांनी २०१८ मध्ये याहून एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी बस नेहमीसारख्या चालवल्या आणि तिकिटाचे पैसेच घेतले नाहीत. विमानात तशी सोय नाही, तिकीट आधीच विकलेलं असतं. मग हातात राहतं काय? एक तर चहा, नाही तर अख्खं उड्डाण. चहा रोखला की तुम्ही त्याला सूड म्हणता, उड्डाण रोखलं की वेठीला धरणं म्हणता.

कॅनडाची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. १६ ऑगस्ट २०२५ ला एअर कॅनडाचे सुमारे १० हजार फ्लाइट अटेंडंट संपावर गेले, रोजच्या सुमारे १ लाख ३० हजार प्रवाशांना फटका बसला, इथवर बरोबर. भांडण कशावरून होतं ते तुमच्या लिहिण्यात नाही. या धंद्यात पगाराचं घड्याळ बहुतेक ठिकाणी विमान गेटवरून हललं की सुरू होतं आणि दुसऱ्या गेटला लागलं की थांबतं. प्रवासी चढवणं, वर न मावणाऱ्या बॅगा कोंबणं, व्हीलचेअरवरच्या आजींना जागेवर बसवणं, सुरक्षेची तपासणी, गेटवर दोन तास विमान अडकलं तर चिडलेल्या माणसांची समजूत काढणं, हे सगळं त्या घड्याळाबाहेर. संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे महिन्याला सरासरी ३५ तास असे फुकटचे जात होते. आपल्या एसटीच्या वाहकाला सांगून बघा, की गाडी फलाटावर उभी असताना तू जे करतोस त्याचे पैसे नाहीत, चाक फिरलं की हजेरी सुरू. डेपो बंद पडेल.

त्यांचा आधीचा करार १० वर्षांचा होता, तो मार्चअखेर संपलेला. संप सुरू होऊन १२ तास होत नाहीत तोच रोजगार मंत्री पॅटी हायडू यांनी कामगार कायद्याचं कलम १०७ वापरलं आणि औद्योगिक संबंध मंडळाकडून कामावर परतण्याचा आदेश काढवला. संघटनेने तो सरळ धुडकावला. तिचे राष्ट्रीय अध्यक्ष मार्क हॅनकॉक यांनी तुरुंगात जायचीही तयारी दाखवली. १९ ऑगस्टच्या पहाटे तडजोड झाली: जमिनीवरच्या कामाला छोट्या विमानासाठी ६० मिनिटांचे आणि मोठ्यासाठी ७० मिनिटांचे पैसे, सुरुवातीला अर्ध्या दराने, मग दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत. ज्या पगारवाढीचा कंपनीने एवढा गाजावाजा केला, ती मात्र सभासदांनी नंतर ९९.१ टक्के मतांनी फेटाळली. एवढं एकमत आपल्या सोसायटीच्या सभेत चहा की कॉफी यावरही होत नाही.

या सगळ्याचा फटका कंपनीनेच ३७ कोटी ५० लाख कॅनेडियन डॉलर सांगितला. आणि संप झाल्याशिवाय हे होऊच शकत नव्हतं का? अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइन्सने जून २०२२ पासून बोर्डिंगच्या वेळेचे पैसे अर्ध्या दराने द्यायला सुरुवात केली, आणि तिथल्या केबिन क्रूची तर युनियनच नाही. (बाहेर युनियन उभी करायची मोहीम चालू होती, हेही सांगायला हवं. कंपन्यांना दयेचा पाझर असा अधूनमधून फुटतो.)

तुम्ही म्हणता, विमानसेवेत संपावर बंदीच घाला. बंदी घातली की भांडण कुठे जातं ते आपण आपल्याच देशात पाहिलंय. २०२४ च्या मे महिन्यात एअर इंडिया एक्सप्रेसचे दोनशेहून जास्त केबिन क्रू एकाच रात्री आजारी पडले. पूर्वीच्या एअरएशिया इंडियाशी चाललेल्या विलीनीकरणातल्या सेवाशर्ती आणि भत्ते हे दुखणं होतं. संपाची नोटीस नाही, त्यामुळे प्रवाशाला आधी कळायची सोयही नाही. सकाळी विमानतळावर पोचल्यावरच कळलं. कंपनीने २५ जणांना काढून टाकलं, दुसऱ्या दिवशी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांच्या कार्यालयात बैठक झाली आणि २५ जणांना परत घेतलं. एका दिवसात सुटणारा प्रश्न महिनोन्‌महिने कुणी ऐकत नव्हतं. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो, आणि संपाला १४ दिवसांची नोटीस लागते. म्हणजे एक खिडकी बंद झाली. वाफ कुठून तरी निघणारच.

आणि प्रवाशाचं नुकसान कुणी भरून द्यायचं? खरं तर तुमचा राग या प्रश्नाकडे वळायला हवा. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये टीयूआयफ्लाय या जर्मन विमान कंपनीच्या प्रकरणात, जिथे क्रूने एकजुटीने आजारपणाच्या रजा टाकल्या होत्या, स्पष्ट सांगितलं की हे कंपनीच्या कारभाराच्याच पोटातलं आहे, ‘असाधारण परिस्थिती’ म्हणून हात झटकता येणार नाहीत. २०२१ मध्ये एसएएस या स्कँडिनेव्हियन विमान कंपनीच्या पायलटांच्या संपाबाबतही तोच निकाल. तिथे प्रवाशाला २५० ते ६०० युरो मिळू शकतात. कॅनडात मात्र कंपनीच्या आतला संपही कंपनीच्या नियंत्रणाबाहेरचा धरतात. आपल्या डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांतही संप आणि कामगार तंटा हे असाधारण परिस्थितीत बसतात, म्हणजे नुकसानभरपाई नाही. स्वतःच्या माणसांशी भांडण चिघळू दिलं तरी कंपनीला प्रवाशाचं देणं लागत नाही, मग ती वेळेवर बोलायला बसेल कशाला? तुम्हाला वेठीला धरणारा नियम हा आहे.

‘हवेतले वेटर’ म्हणालात, त्यावर एकच सांगतो. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जण दगावले. मोठ्या विमानात ३७९ माणसं होती. आतली अनाउन्समेंट बंद पडलेली, म्हणून क्रूने मेगाफोन घेतले. आठपैकी तीनच दारं वापरण्याजोगी होती. मागच्या दाराशी असलेल्या क्रूचा कॉकपिटशी संपर्क तुटला होता, बाहेर आग कुठवर आहे ते बघून त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर दार उघडलं. सगळे ३७९ बाहेर पडले. त्यांच्या प्रशिक्षणातला महत्त्वाचा भाग हा असतो, कॉफी कशी ओतायची ते पुढच्या पानावर येतं.

बाकी या नोकरीचे किती लाड होतात ते मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने एका फटक्यात १,९०० जणांना घरी बसवलं. पिवळ्या कोटातल्या, रडवेल्या मुलामुलींची ती दृश्यं तुम्हीही टीव्हीवर पाहिली असतील. ती मुलं मदत मागायला राज ठाकरे यांच्याकडे गेली, जेटची विमानं उडू देणार नाही अशी धमकी त्यांनी दिली आणि जेटचे प्रमुख नरेश गोयल यांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना परत घेतलं. राजकारण बाजूला ठेवा. हाताशी धड युनियन नसली की माणसाला कुणाच्या दारात उभं राहावं लागतं ते त्यात दिसतं.

राहिला तुमचा शेवटचा सल्ला, नोकरी आवडत नसेल तर सोडा. २ जुलै २०२२ चा शनिवार आठवतोय? इंडिगोची निम्म्याहून जास्त देशांतर्गत विमानं उशिरा सुटली, वेळेवर सुटणाऱ्यांचं प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत घसरलं. क्रूपैकी बरेच जण आजारी होते, आणि योगायोग असा की त्याच दिवशी एअर इंडियात भरतीच्या मुलाखती होत्या. घोषणा नव्हत्या, फलक नव्हते, संप तर अजिबात नव्हता. तुमचा सल्ला त्यांनी तुम्ही द्यायच्या आधीच मानला होता.