चक्का की श्रीखंड

आमच्या हॉलच्या तीन भिंतींवर गेले नऊ दिवस सहा चौकोन आहेत. प्रत्येक भिंतीवर उजेड वेगळा म्हणून प्रत्येकीवर दोन्ही रंग, पेंटरमामांना जागा सापडली तसे. शेड कार्डावर त्यांना लांबलचक इंग्रजी नावं होती. आईने चष्मा चढवला आणि बारसं उरकलं, "हा चक्का, हे श्रीखंड." मामांनी पेन्सिलीने खाली 'च' आणि 'श्री' लिहून टाकलं. चक्का माझा, श्रीखंड हिचं.

खरं तर पहिले दोन दिवस मला दोन्हींत काडीचा फरक दिसत नव्हता. पण जिच्या कपाटात मोतिया, बदामी आणि हस्तिदंती अशा तीन निरनिराळ्या साड्या आहेत, तिच्यासमोर "दोन्ही पांढरेच की" म्हणायची माझी छाती नाही.

"ओल्यावर जाऊ नका साहेब," मामा म्हणाले. "दुसरा हात मारतो, सुकू द्या, मग बोला."

सुकलं. सकाळी दोन्ही सारखे. दुपारी चक्का निळसर, दूध नासल्यासारखा. चार वाजता ऊन समोरच्या विटकरी बिल्डिंगवर आपटून आमच्याकडे येतं. त्या तासाभरात चक्क्याचं आम्रखंड होतं आणि श्रीखंडाचं काय होतं ते जेवायच्या आधी सांगत नाही. रात्री ट्यूब लावली की सगळा दवाखाना. म्हणून मी साडेसहा हजार केल्विनची ट्यूब काढून तीन हजारांचा पिवळा दिवा लावला. "अहो, रंग निवडताय की दिवा?" हिने विचारलं. रास्त होतं.

शेजारच्या काकूंना बोलावलं. त्या पाच मिनिटं बघून म्हणाल्या, "पडदे कुठले लावणार?" त्यांना परत बोलावलेलं नाही.

आज मामांच्या हाताखालच्या पोराने भिंतींना पॉलिश पेपर मारला. मन लावून मारला. पेन्सिलीचं एकही अक्षर शिल्लक नाही.

संध्याकाळी ही खिडकीजवळच्या एका चौकोनासमोर उभी राहिली. "बघा, म्हणत नव्हते मी? श्रीखंडच!"

मला तो चक्का वाटत होता. म्हणजे, बहुतेक. मी जोरात मान डोलावली.

"मग वीस लिटरचा डबा कशाचा आणू?" मामांनी दारातून विचारलं.

"ठरलं का एकदाचं?" आतून आईचा आवाज आला. "पुऱ्या लाटायला घेते."