मीठ कमी होतं हं

माझे दहा रुपये येणे आहेत. म्हणजे माझे नव्हेत, माझ्या मुलीचे. पण वसुलीवर नेमणूक माझी झालीय. कर्जदाराचं नाव माहीत नाही. वहीतली नोंद अशी : 'टोपीवाले आजोबा, भेळ १, रु. १०, बाकी.'

गेल्या शनिवारी तिच्या शाळेत बाल उद्योजक बाजार होता. ग्रुपवर सूचना आली : मुलांनी स्वतः पदार्थ करावा, स्वतः विकावा, स्वतः हिशेब ठेवावा, किंमत २० रुपयांच्या वर नको, व्यवहार रोखीचाच. 'स्वतः' तीनदा आलं होतं. त्यामुळे शुक्रवारी रात्री साडेअकराला मी स्वतः दोन किलो कांदा चिरत होतो, बायको स्वतः चिंच कोळत होती आणि उद्योजिका स्वतः झोपली होती. झोपण्याआधी तिने दुकानाची पाटी मात्र रंगवली. त्यातली चमकी अजून आमच्या कणकेत निघते.

२०२०च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितलीय. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन काम शिकायचं. कल्पना चांगली आहे. पण सुतार गाठायचा, त्याला वेळ मागायचा, पोरांना तिथे न्यायचं, एवढा उपद्व्याप कोण करणार? मग सुतार, माळी, कुंभार या तिघांची मिळून भेळ होते. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, त्यात शाळेचा खर्चही मुलांच्या कामातून निघावा असं होतं. आमच्याकडे शाळेचा खर्च फीमधून निघतो आणि मुलांच्या कामाचा खर्च माझ्या खिशातून.

आम्ही स्काउटमध्ये 'खरी कमाई' करायचो. शेजारच्या काकांचे बूट पॉलिश केले, एक रुपया मिळाला. पॉलिश मोज्यांना लागलं म्हणून काकूंनी झापलं तेही मलाच. त्या धंद्यात आमच्या वडिलांचा कुठेही संबंध आला नाही. त्यांना तो कळलाच नव्हता.

असो. मैदानावर आमच्या शेजारी पाणीपुरी होती. गल्ल्यावर सहावीतला मुलगा, मागे त्याचा 'मामा'. हा मामा रोज संध्याकाळी गाडा कुठे लावतो ते मला ठाऊक आहे. सुक्या पुरीवरून मी त्याच्याशी भांडलोय. त्यानेही मला ओळखलं आणि मान खाली घालून पुऱ्या फोडत राहिला.

तेवढ्यात आजोबा आले. पांढरी टोपी, काखेत कापडी पिशवी. सरळ हात पुढे केला.

"चव दाखव बघू."

मुलीने चमचाभर भेळ दिली. आजोबांनी चावली, आकाशाकडे पाहिलं, हात पुन्हा पुढे.

"आता तिखटाची."

तीही दिली. मग गोडाची. मग 'नुसते चुरमुरे कुरकुरीत आहेत का' हे पाहण्यासाठी मूठभर चुरमुरे.

"चुरमुरे कुठले?"

"गणपती पेठेतले. बाबाने आणले."

"काय भावाने?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी भाव सांगितला. "फसलात," आजोबा म्हणाले. "कांदा कुणी चिरला?"

"बाबाने."

"चिंचेचं पाणी?"

"आईने."

"मग तू काय केलंस बाळ?"

"मी मालक आहे," मुलगी म्हणाली.

आजोबांना हे भयंकर आवडलं. त्यांनी ऑर्डर दिली : कांदा जास्त, शेव जास्त, तिखट बेताचं, टोमॅटो नको, त्याऐवजी कैरी. भेळ हातात आल्यावर त्यांनी पिशवीतून घडी घातलेली पाचशेची नोट काढली. सकाळचे सव्वानऊ, गल्ल्यात तीस रुपये. मी नोट घेऊन सुट्ट्यासाठी अख्खं मैदान फिरलो. लिंबू सरबतवाल्यांनी नाही म्हटलं. मामाने तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, वर सुटी नाण्यांचा डबा टेबलाखाली सरकवला. परत आलो तर दोरीशी बाईंनी शिट्टी मारली. "पालकांनी आत यायचं नाही! मुलांना स्वतः करू दे."

चाळिशीतला माणूस, हातात पाचशेची नोट, बोटांना कांद्याचा वास, आणि शिट्टी. मी दोरीपलीकडून नोट दिली. आजोबांची भेळ तोवर संपली होती. कागद चाटत ते म्हणाले, "सुट्टे नाहीत? राहू दे. नंतर देतो." नोट पिशवीत गेली, पिशवी काखेत गेली. जाता जाता मागे वळले. "मीठ कमी होतं हं."

पहिलं बक्षीस पाणीपुरीला मिळालं. कारण वाचून दाखवलं : 'उत्कृष्ट हस्तकौशल्य'. मामाने टाळ्या वाजवल्या. मला राग मामाचा नाही, त्याची त्या दिवशीची रोजी निघाली. पण शेवटच्या टेबलावर एक मुलगी खरंच स्वतः शिवलेल्या वेड्यावाकड्या बटव्यांसमोर दीड तास बसली होती. तिचे दोन बटवे विकले गेले. बाईंनी तिला 'पुढच्या वेळी मांडणी आकर्षक कर' असा सल्ला दिला.

घरी हिशेब झाला. सत्तेचाळीस भेळी, रोख ४६० रुपये, खर्च शून्य. भांडवलाच्या रकान्यात 'बाबा' आणि कंसात 'परत द्यायचं नाही'. खाली ती उधारी, लाल पेनाने.

आज सकाळी आजोबा भाजीबाजारात दिसले. फुकटच्या कढीपत्त्यावरून भाजीवालीशी बोलणी चालली होती. मी पुढे गेलो, घसा साफ केला. दहा रुपये मागायला तोंड कसं उघडतात हे मला कुठल्याच शाळेने शिकवलेलं नाही. आजोबांनीच ओळखलं. "अहो, तुम्ही भेळवाले ना?" म्हणाले. आणि भाजीवालीला सांगितलं, "चांगली करतात. मीठ तेवढं कमी."

संध्याकाळी मुलीने विचारलं, "दिले का त्यांनी?"

"दिले," म्हणालो आणि खिशातून दहाची नोट काढून दिली.

तिने लाल नोंद खोडली, नोट डब्यात टाकली. "बघ," म्हणाली, "मागितले की देतात लोक. तूच उगाच लाजत होतास."