नॅस घ्यायचंय, पण मोडल्यावर काय ते कोणी सांगेना

तीन आठवडे झाले. आमच्या नऊ जणांच्या ऑफिससाठी एक नॅस घ्यायचंय, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेला, आत अनेक डिस्क असलेला फाइलींचा डबा, बस. सगळ्यांच्या फाइली एका जागी असाव्यात, कोणाचा लॅपटॉप बंद पडला तर काम अडू नये, आणि चुकून उडवलेली फाइल परत मिळावी. याहून जास्त काही मागत नाहीये मी. तरी तीन आठवड्यांत एका माणसाने किंवा एका माहितीपत्रकाने याचं सरळ उत्तर दिलेलं नाही, आणि आता माझं डोकं फिरलंय.

हे काम माझ्या गळ्यात का पडलं ते सांगतो. आमच्याकडे हिशेबाच्या कॉम्प्युटरला एक बाहेरची डिस्क लावलेली होती, तीच आमची ‘कॉमन’. मागच्या महिन्यात एका सकाळी ती टक्, टक्, टक् असा आवाज करायला लागली आणि दुपारपर्यंत दिसेनाशी झाली. सहा वर्षांची ड्रॉइंग त्यात. पुढचे दोन दिवस नऊच्या नऊ माणसं जुन्या मेलमधून अटॅचमेंट उतरवत बसली होती. एकाच ड्रॉइंगच्या पाच आवृत्त्या सापडल्या आणि साइटवर नेमकी कुठली गेली होती हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येईना. आमच्या ड्राफ्ट्समनने एक अख्खा मजला पुन्हा काढला, रात्री बसून. त्याच्याकडे बघून मी ठरवलं की हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

आणि मग सुरू झाला हा छळ.

कोणालाही फोन करा, पहिला प्रश्न ठरलेला: “किती टीबी (टेराबाइट) पाहिजे?” अहो, आमचं काम काय, फाइली केवढ्या, एका वेळी किती जण उघडतात, एक दिवसाचं काम गेलं तर चालेल का, हे कोण विचारणार? बरं, टीबीचं तरी खरं सांगा. ४ टीबीच्या चार डिस्क म्हणजे १६, असं ठणकावून सांगतात. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून एकीसारख्या वापरायची पद्धत. तिचा ‘रेड ५’ हा प्रकार लावला की त्यातली एका डिस्कएवढी जागा सुरक्षेसाठी जाते, उरतात १२. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि कॉम्प्युटर १०२४ च्या, त्यामुळे स्क्रीनवर दिसतात जेमतेम १०.९. यात फसवणूक नाही, गणित आहे, मान्य. मग ते गणित मी विचारायच्या आधी का मांडत नाही? माणूस १६ धरून हिशेब करतो आणि दोन वर्षांत डबा भरतो, हे यांना माहीत नसतं?

पण सगळ्यात जास्त संताप ज्याचा येतो ते वाक्य मी तीन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं: “रेड आहे ना, मग बॅकअप झालाच.”

नाही झाला! रेडची कल्पना १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी शोधनिबंधात मांडली. एका मोठ्या महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापरायच्या आणि त्यातली एखादी गेली तरी काम थांबू द्यायचं नाही, हा तिचा हेतू. काम थांबणार नाही, एवढंच. कोणी चुकून फोल्डर उडवलं तर ते सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी उडतं. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, फाइली कुलूपबंद केल्या तर दुसऱ्या डिस्कवरच्या नकलेत पण कुलूपच दिसणार. डबा चोरीला गेला, पाण्यात भिजला, वीज पडून जळला, तर चार डिस्क काय आणि आठ काय, सगळ्या एकाच डब्यात होत्या. ज्या माणसाचा रोजचा धंदा हा आहे त्याला हे कळत नसेल तर त्याने विकू नये, आणि कळत असूनही तो असं बोलत असेल तर ते सरळ पाप आहे. कारण त्याच्या शब्दावर विसंबून कोणीतरी बाहेरचा बॅकअप घ्यायचं सोडून देतं.

डिस्कचं तर विचारूच नका. ‘नॅससाठी खास’ असं लेबल वाचून डोळे झाकून घ्यावी म्हटलं, तर २०२० सालची हकिकत समोर आली. वेस्टर्न डिजिटल या डिस्कच्या कंपनीच्या ‘रेड’ (म्हणजे लाल, वरच्या रेडशी संबंध नाही) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या निघाल्या, आणि हे ग्राहकाला आधी सांगितलंच नव्हतं. एसएमआर म्हणजे डेटा लिहायच्या रेघा, ट्रॅक, छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले. जागा जास्त मिळते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची कौलंही उचलून पुन्हा बसवावी लागतात. नवीन डिस्क घालून रेड पुन्हा भरताना तर लिहिण्याचं काम संपतच नाही, आणि नेमकं तिथेच ही पद्धत धापा टाकते. लोकांनी ओरड केल्यावर कंपनीने यादी जाहीर केली, आणि साध्या सीएमआर पद्धतीच्या, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या, डिस्कना ‘रेड प्लस’ असं वेगळं नाव दिलं. म्हणजे ‘नॅससाठी’ या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, मॉडेल नंबरचं अक्षर न् अक्षर तपासायचं. का म्हणून? मी ड्रॉइंगच्या ऑफिसात काम करतो, मला डिस्कच्या पोटात शिरायला कोणी सांगितलंय?

आणि डिस्क गेल्यावर ती पुन्हा भरायला किती वेळ लागतो? साधा गुणाकार आहे. १६ टीबीची डिस्क, सेकंदाला २०० एमबीचा वेग धरला तर २२ तासांहून जास्त. तेही डब्याला दुसरं कोणी हात लावत नसेल तर. ऑफिस चालू असताना त्याचे दोन-तीन दिवस सहज होतात. तेवढ्या वेळात रेड ५ मध्ये दुसरी डिस्क गेली की सगळं संपलं. मी हे एका विक्रेत्याला विचारलं. तो म्हणाला, “शक्यतो डिस्क जात नाहीत.” माझ्या टेबलाच्या खणात गेलेली डिस्क पडलेली आहे आणि हा मला सांगतोय डिस्क जात नाहीत!

वेगाच्या नावाखाली जे गळ्यात मारतात ते वेगळंच. ‘दोन लॅन पोर्ट (नेटवर्कची वायर लावायच्या जागा), दुप्पट वेग.’ एक गिगाबिटच्या वायरमधून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी जाणार, प्रत्यक्षात ११० च्या आसपास. दोन पोर्ट जोडले की दोन वेगळ्या माणसांना त्याचा फायदा होऊ शकतो, पण एकट्याची मोठी फाइल साधारणपणे एकाच वायरने जाते. २.५ गिगाबिटचा पोर्ट घ्या म्हणतात, पण ऑफिसच्या सगळ्या वायरी जिथे जोडल्यात तो आमचा स्विच एक गिगाबिटचा आहे का, हे विचारत नाहीत. वर एसएसडी कॅश, म्हणजे नेहमी लागणारा डेटा ठेवायची जास्तीची वेगवान डिस्क, पण घ्या म्हणे. ११० वर अडकणाऱ्या वायरीमागे आमच्या मोठ्या ड्रॉइंगसाठी ती कॅश काय करणार?

‘जगात कुठूनही एका क्लिकवर फाइली’ हे तर खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात. त्यासाठी डबा थेट इंटरनेटवर उघडा राहिला तर काय होतं, ते मात्र बारीक अक्षरातही नाही. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलचा माय बुक लाइव्ह हा असाच डबा वापरणाऱ्या लोकांचा डेटा बाहेरून पुसला गेला. जानेवारी २०२२ पासून डेडबोल्ट या रॅन्समवेअरने क्यूनॅप कंपनीच्या डब्यांमधल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. आणि तरीही सेटअप करताना राउटरचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची वाट, आपोआप उघडून देऊ का, असं विचारतातच.

मागच्या आठवड्यात एक डबा ट्रायलला आणला होता. सगळं नीट चालू झालं, मला जरा हायसं वाटलं. मग स्कॅनरवर कागद ठेवला, बटण दाबलं, आणि स्क्रीनवर ‘कनेक्शन एरर’. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पासवर्ड तपासला, फोल्डरचं नाव तपासलं, दुपार गेली. शेवटी कळलं की आमच्या जुन्या स्कॅनरला फक्त एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याच्या भाषेची, पहिली आवृत्ती येते. २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर ज्या भोकातून पसरलं ते याच आवृत्तीतलं, म्हणून नवे डबे ती बंद ठेवतात, आणि बरोबरच करतात. मदतीला फोन केला तर पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, “चालू करून टाका ना सर.” पुढेमागे काही झालं तर हाच माणूस हात वर करणार, आणि उत्तर मला द्यावं लागणार.

एवढं सगळं पचवून एक कंपनी पक्की करावी, तर तीच आपला शब्द फिरवते. २०२५ मध्ये सिनॉलॉजी या नॅस बनवणाऱ्या कंपनीने प्लस मालिकेच्या नव्या मॉडेलमध्ये आपल्या यादीबाहेरच्या डिस्कची वाट अडवली, आणि बोंब झाल्यावर ऑक्टोबरात मागे घेतलं. घेतलं ते चांगलंच. पण डबा पाच-सात वर्षं वापरायचा असतो. मधेच नियम बदलला तर छोट्या ऑफिसने जायचं कुठे?

मी आता दोन डिस्कचा, एकमेकींची नक्कल ठेवणारा साधा डबा घ्यायचं ठरवलंय. त्यात स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींची ठराविक वेळची जुनी अवस्था परत आणायची सोय, हवेत, सोबत यूपीएस, आणि तिसरी तशीच डिस्क कपाटात. रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर बॅकअप, आणि अशा दोन डिस्क आळीपाळीने, एक कायम ऑफिसच्या बाहेर. महिन्यातून एकदा एखादी फाइल मुद्दाम परत काढून बघणार.

फक्त एक प्रश्न राहिलाय, तो मी विक्रेत्याला लेखी पाठवला: तिसऱ्या वर्षी डिस्क धडधाकट असताना हा डबाच मेला, तर माझ्या डिस्क दुसऱ्या कशात लावून वाचता येतील? आज पाचवा दिवस. उत्तर नाही. काल त्यांच्याकडून मेल आला, त्यात आठ डिस्कच्या मॉडेलचं माहितीपत्रक होतं.