कमी किलोमीटर म्हणजे कमी तास? कोणी सांगितलं?

‘अमेरिकेला जाणाऱ्यांनी नक्की वाचा’ या मथळ्याचा मेसेज सध्या फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: विमान कंपन्या भाडं वाढवायला मुद्दाम लांबून नेतात, नकाशावर मार्ग वाकडा दिसतो तो त्यामुळेच, पॅसिफिकवरून कुणी जातच नाही, पृथ्वी खरंच फिरत असती तर पश्चिमेला जाणारं विमान निम्म्या वेळात पोचलं असतं, म्हणून तिकीट काढताना फक्त किलोमीटर बघा. हे वाचून माझ्या मावशीने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट विमानाचं तिकीट रद्द करायला एजंटला फोन लावला. रद्द करण्याचा भुर्दंड मेसेज लिहिणारा भरणार आहे का?

आधी किलोमीटरचं बघू, कारण पैसे त्यातच जातात. ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने नेमका हाच मार्ग बदलला. आधी त्यांचं विमान अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ते पॅसिफिकवरून नेलं, तर अंतर झालं १५,३०० किमी. म्हणजे १,४०० किमी जास्त, आणि वेळ? जवळपास दोन तास कमी! साडेचौदा तासांत विमान पोचलं. भागाकार करा: ताशी हजार किमीच्या वर. प्रवासी जेट स्वतःच्या जोरावर साधारण ९०० करतं. वरचा वेग पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना. अटलांटिकमार्गे जाताना तेच वारे तोंडावर यायचे. गंमत म्हणजे येताना विमान अटलांटिकवरून, पुन्हा पूर्वेकडेच यायचं. एका फेरीत अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा! आणि इंधनावर पाण्यासारखा पैसा ओतणारी कंपनी ते जाळायला मुद्दाम लांबून कशाला जाईल?

‘पॅसिफिकवरून कुणी जात नाही’ याचं उत्तर यातच आलं.

पृथ्वी फिरण्याचा मुद्दा म्हणजे कहर आहे. अहो, पृथ्वीबरोबर हवाही फिरते, आणि विमान त्या हवेत उडतं. तसं नसतं, तर जुहूला हेलिकॉप्टर अर्धा तास एका जागी तरंगलं की खाली उतरताना किनारा सातशे-आठशे किमी मागे पडून अरबी समुद्र लागला असता. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किमीने पूर्वेला सरकते. रोज उडतात की तिथून हेलिकॉप्टरं, एखादं तरी असं वाहून गेलं का?

नकाशावर वाकडा दिसणारा मार्ग हा सपाट कागदाचा दोष. पृथ्वीगोलावर दिल्लीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणा, तो उत्तर ध्रुवाजवळून जातो.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य. विमानं कधीकधी खरंच लांबून जातात आणि त्याचा फटका प्रवाशाला बसतो. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला, वेळ वाढला, इंधन वाढलं. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

मावशीचं तिकीट शाबूत आहे. एजंटने फोन उचलला नव्हता.