कलिंगड कापून बघूया

गेल्या दोन आठवड्यांत एकच मजकूर मला चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आला. सोबत कलिंगडाचं चित्र. "पर्यावरणवाले म्हणजे कलिंगड, वरून हिरवे, आतून लाल. जगातले सगळे पर्यावरणाचे कायदे डाव्यांनी आणले, उद्योग बुडवायला. ओझोनची बोंब आठवतेय? काय झालं त्याचं? आपण संस्कृती जपणारी माणसं, झाडांना मिठ्या मारणारी नव्हे. प्रदूषणाचं काय ते बाजार बघून घेईल." खाली अंगठ्यांची आणि नमस्कारांची रांग.

मी डावा नाही. घरात मला जुन्या वळणाचा म्हणतात, आणि ते खरंच आहे. चाललेली गोष्ट मोडण्याआधी ती इतकी वर्षं का चालली होती हे विचारावं, एवढंच माझं राजकीय तत्त्वज्ञान. म्हणून तर हा मजकूर जास्त झोंबला.

"सगळे कायदे डाव्यांनी आणले." अमेरिकेपासून सुरू करू. १९६९ साली ओहायो राज्यातल्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाने पेट घेतला. नदीला आग! पुढच्याच वर्षी, १ जानेवारी १९७० ला, राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही झाली. डिसेंबरात पर्यावरण संरक्षणाची स्वतंत्र केंद्रीय यंत्रणा उभी राहिली आणि ३१ डिसेंबरला हवाशुद्धीचा कायदा आला. १९७३ मध्ये नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांना संरक्षण देणारा कायदा. या सगळ्यामागे सही एकच, उजव्या रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांची. कम्युनिस्टांच्या मागे हात धुऊन लागून ज्यांनी राजकारणात नाव कमावलं, तेच हे निक्सन. त्यांना नद्यांचा पुळका होता असंही समजू नका. वारं कुठून वाहतंय ते त्यांना कळायचं. १९७२ च्या जलशुद्धीच्या विधेयकाला त्यांनी खर्चाचं कारण देऊन नकार दिला, आणि संसदेने तो नकार मोडीत काढून कायदा केला. पण सह्या त्यांच्या आहेत, आणि सही काही पुसता येत नाही.

ब्रिटनमध्येही तेच. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचं विषारी धुकं बसलं. तेव्हाच्या हिशेबानेच चार हजारांच्या आसपास माणसं गेली. सरकार हुजूर पक्षाचं, म्हणजे तिथल्या उजव्यांचं. त्यांनी आधी टाळाटाळच केली. मग त्यांच्याच पक्षाच्या जेराल्ड नबारो या खासदाराने खासगी विधेयक आणून त्यांना खिंडीत पकडलं, आणि १९५६ चा हवाशुद्धी कायदा झाला.

आता दुसरी बाजू. सोव्हिएत राजवटीएवढं लाल कोण असणार? तिने कापसाच्या हट्टापायी अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचं पाणी वळवलं आणि अरल समुद्र आटवला. आपल्याकडे २०१३ मध्ये पश्चिम घाट राखण्यासाठीच्या कस्तुरीरंगन अहवालाविरुद्ध केरळात हरताळ पाळला तो डाव्या आघाडीने. वन्यजीव कायदा १९७२ चा, वनसंवर्धनाचा १९८० चा, पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा. हे तिन्ही काँग्रेस सरकारांचे. मान्य. पण काँग्रेसला डावं म्हटलेलं खुद्द डाव्यांनाच रुचणार नाही.

"ओझोनची बोंब, काय झालं त्याचं?" हा प्रश्न वाचून मला हसूच आलं. घरात पोलिओचा रुग्ण दिसत नाही म्हणून डोस खोटा होता म्हणण्यातला प्रकार. बोंब थांबली, कारण इलाज झाला. फ्रिजमधला गारवा आणि स्प्रेच्या डब्यांतला दाब यांसाठी जे वायू वापरत होते, ते वर जाऊन ओझोनचा थर खातात, हे १९७४ पासून शास्त्रज्ञ सांगत होते. १९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरचं भगदाड दाखवून दिलं. १९८७ मध्ये हे वायू आवरण्यासाठी माँट्रियलचा करार झाला.

तेव्हा अमेरिकेत निक्सन यांच्याच पक्षाचे रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्ष होते. सरकारी निर्बंध हा शब्द ज्यांना शिवीसारखा वाटायचा ते रेगन. त्यांच्याच एका मंत्र्याने करारापेक्षा लोकांनी टोप्या घालाव्यात, गॉगल लावावेत असं सुचवल्याची बातमी फुटली आणि बिचाऱ्याची भरपूर टर उडाली. पण रेगन यांच्या आर्थिक सल्लागारांनी हिशेब मांडला, की त्वचेच्या कर्करोगाचे बळी टळण्याचा फायदा कराराच्या खर्चाहून कितीतरी मोठा आहे. रेगन यांच्या स्वतःच्या नाकावरून असाच कर्करोग काढलेला होता. त्यांनी करार उचलून धरला. सिनेटमध्ये ८३ विरुद्ध ० मतांनी तो मंजूर झाला. आज संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ सांगतात की अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, आणि जगाच्या बहुतेक भागात त्याहून कितीतरी आधी, २०४० च्या आसपास.

ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचं याच काळातलं एक भाषण मला फार आवडतं. त्या मूळच्या रसायनशास्त्राच्या. ऑक्टोबर १९८८ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात त्या म्हणाल्या, त्याचा आशय असा: पृथ्वीची मालकी कुठल्याच पिढीकडे नाही, आपण हयातीपुरते भाडेकरू आहोत आणि दुरुस्ती सगळी आपल्या अंगावर आहे. गळक्या चाळीच्या दुरुस्तीवरून मालकाशी जन्मभर कोर्टात भांडलेल्या मुंबईकराला ही उपमा जितकी कळेल तितकी कुणाला कळणार नाही. आणि ही काही समाजवाद्यांकडून उसनी घेतलेली कल्पना नव्हती. जुन्या वळणाच्या राजकारणाचे आद्य विचारवंत एडमंड बर्क यांनी १७९० मध्येच लिहून ठेवलं होतं, की समाज हा जिवंत, मेलेले आणि अजून जन्मायचे यांच्यातला भागीदारीचा व्यवहार आहे.

"बाजार बघून घेईल." बघतो, पण आधी कुणीतरी रेघ मारावी लागते. १९९० मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी गंधकाच्या धुराने पडणारा आम्लपाऊस रोखायला तेच केलं. वीजकेंद्रांनी सगळ्यांनी मिळून हा धूर इतकाच सोडायचा, ही हद्द सरकारने ठरवली. त्या हद्दीत परवाने वाटले. ज्याला धूर स्वस्तात कमी करता आला त्याने उरलेले परवाने दुसऱ्याला विकले. धूर घटला, आणि खर्च अंदाजापेक्षा कमी आला. हद्दीशिवाय तो बाजार एक दिवसही भरला नसता.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. पुढे अमेरिकेतला उजवा पक्ष या वाटेवरून उतरला, आणि थॅचर यांनीही म्हातारपणी हवामानबदलाच्या चर्चेबद्दल शंका लिहून ठेवल्या. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा एवढाच शेवटचा अंक पाहिला असावा.

राहिली संस्कृती. मराठी राज्याच्या कारभारावरचं, १७१५ च्या सुमाराचं रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र काढून पाहा. आरमाराला लाकूड हवंच होतं, आंब्या-फणसाचं लाकूड उपयोगी पडणारंही होतं, तरी रयतेच्या त्या झाडांना हात लावू नये असं त्यात बजावलं आहे. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. जीर्ण झाड लागलंच तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडायचं. ही राज्यकारभाराची भाषा आहे, त्यात झाडाला मिठी कुठेच नाही.

आणि देवराया. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहिलं ते नंतर. गावाने त्या राखल्या त्याच्या कितीतरी आधीपासून. तळकोकणातल्या आमच्या गावी देवळाची तुळई कुजली तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा होतो. राईत सरळसोट झाड उभं होतं, दहा पावलांवर. ते तोडावं का, असा कौल मागायला गुरवाने देवीच्या पाषाणाला कळे लावले, गाऱ्हाणं घातलं, आणि सगळे मानकरी श्वास रोखून बसले. डावा कळा पडला. म्हणजे नाही. कुणी हुं का चूं केलं नाही. तुळई वखारीतून विकत आणली.

तीन वर्षांपूर्वी त्याच देवळाचा जीर्णोद्धार झाला. सिमेंटचा सभामंडप, चकचकीत फरशी, गाड्या लावायला जागा. त्या जागेसाठी राईची एक अख्खी कड गेली. वर्गणी देणाऱ्यांच्या यादीत कलिंगडाचा मजकूर पाठवणारे दोघं जण आहेत, मीही आहे. झाडं तोडताना कौल लावला होता का, असं मी गुरवाच्या मुलाला विचारलं. तो फरशी पुसता पुसता म्हणाला, "कमिटीन ठरयल्यान. देवाक आता कोण इचारता?"