‘मेसेज तर गेला होता ना!’

सकाळपासून हे वाक्य ऐकून कान किटलेत माझे. आता कोणी पुन्हा म्हणालं तर त्याचा फोन केळी धुवायच्या तुरटीच्या हौदात टाकेन. मेसेज गेला होता, मान्य. त्यात काय लिहिलं होतं ते सांगा ना एकाने तरी!

काल संध्याकाळी आखातातल्या गिऱ्हाइकाचा निरोप आला की या कंटेनरला 13 किलोच्या पेट्या नकोत, 7 किलोच्या हव्यात. जळगावच्या ऑफिसात बसलेल्या माणसाने विकीवरचं, म्हणजे कंपनीच्या सूचनांच्या ऑनलाइन वहीतलं, पॅकिंगचं पान उघडलं, 13 खोडून 7 केलं, सेव्ह केलं आणि घरी गेला. पॅकहाउसवर फोन नाही की काही नाही. फोन कशाला करायचा, आपण ऑटोमेशन केलंय! विकीचं पान बदललं की बॉट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, आपोआप स्लॅक या मेसेजच्या ॲपमधल्या आमच्या सगळ्यांच्या चॅनलवर तसं टाकतो. आणि त्याने टाकलं: ‘पॅकिंग सूचना हे पान अद्ययावत झाले आहे. बदल करणारे: ॲडमिन.’ शेवटी रॉकेटचं चित्र. काय बदललं, कोणत्या मालाला, कधीपासून, एक अक्षर नाही. त्या रॉकेटचा मला आधीपासून राग आहे, आज तर डोक्यातच गेलं.

बरं, एवढा एकच मेसेज असता तरी कोणाच्या नजरेला पडला असता. त्याच संध्याकाळी दुसऱ्या कोणाला तरी विकी सुंदर करायची हुक्की आली. मथळे ठळक कर, रंग बदल, स्वल्पविराम सरकव. प्रत्येक वेळी बॉटची आरोळी. धुलाईची पद्धत अद्ययावत. रजेचे नियम अद्ययावत. दिवाळीचे फोटो अद्ययावत. त्या ढिगात खाली कुठेतरी आमचं पॅकिंग. लग्नात स्पीकरवर ‘एमएच 19, गाडी बाजूला घ्या’ असं इतक्यांदा ओरडतात की स्वतःची गाडी असली तरी माणूस पंगतीतून उठत नाही, तसं झालंय या चॅनलचं. सगळ्यांनी म्यूट केलंय. ऑफिसवाल्यांनीही केलंय, फक्त कबूल करत नाहीत.

आणि सकाळी काय झालं? रावेर-यावलकडचे घड पहाटेच उतरवलेले, कारण या दिवसांत ऊन चढल्यावर केळी कापायची सोय नाही. सावद्याजवळ आमचं पॅकहाउस. मुकादम दादा अंधारात येऊन उभे. बायका फण्या काढून राहिल्या, धुऊन राहिल्या, पेट्या भरून राहिल्या, 13 किलोच्या, कारण त्यांना दुसरं कोणी काही सांगितलंच नव्हतं. अर्धा कंटेनर भरेल एवढा माल तयार झाल्यावर ऑफिसला जाग आली.

मग सगळ्या पेट्या उघडा. ज्यांनी पेटी उघडून पुन्हा भरलेली नाही त्यांना हे कळायचं नाही. केळीची प्रत्येक फणी परत हाताळायची म्हणजे सालीला ओरखडा आलाच, आणि आज न दिसणारा ओरखडा माल पिकला की काळा होऊन वर येतो. बाहेर पत्रा तापलेला. हा माल 13-14 अंशांच्या गारव्यात लवकरात लवकर जायला हवा, त्याहून गार झाला तर साल करपते आणि बाहेर राहिला तर पिकायला लागतो. तो बिचारा कंटेनर दारात लावून ठेवलाय आणि आम्ही पेट्यांच्या पट्ट्या कापतोय. पॅकिंगच्या बायकांच्या हाताला चीक लागून बोटं काळी झालेली. त्यातल्या एकीने विचारलं, ‘ताई, सकाळीच सांगितलं असतं तर?’ मी काय उत्तर देणार?

ऑफिसातून फोन आला तो दादांना झापायला. ‘मेसेज तर गेला होता ना! वाचत का नाही?’ आणि वर, वाया गेलेल्या पेट्यांचे पैसे कोणाकडून घ्यायचे ते बघू म्हणे. दादा काही बोलले नाहीत. फोन ठेवल्यावर मला एवढंच म्हणाले, ‘ताई, त्या लिंकवर मी मागे दाबून पाहिलं होतं. ती पासवर्ड मागते. माझ्याकडे पासवर्ड कुठंय?’

खरंच नाहीये! विकीचे पैसे माणशी मोजावे लागतात, म्हणून पॅकहाउसवर कोणाला खातंच दिलेलं नाही. ज्याला ती सूचना पाळायची आहे त्यालाच ती उघडता येत नाही, आणि जो एसीत बसून रंग बदलतो त्याला सगळे अधिकार.

आता विषय निघालाच आहे तर बाकीचंही सांगते. चॅनलवरच्या मेसेजला हिरवी टिक मारली की तो आपोआप विकीवर पान म्हणून चढतो, ही यांची दुसरी करामत. कोणीतरी ‘हो चालेल, संध्याकाळी बघू’ ला टिक मारली. त्याचं पान झालं. एक नाही, तेच पान पुन्हा पुन्हा. वर प्रत्येक नव्या पानाची बातमी परत चॅनलवर. पुण्याहून ज्यांनी हे करून दिलं त्यांना विचारलं तर म्हणे ‘नेटवर्कचा इश्यू’. अहो, नेटवर्कचा कुठला! स्लॅकच्या माहितीपानांत सरळ लिहिलेलं आहे: स्लॅकने एखादी घटना, म्हणजे कोणी टिक मारली वगैरे, कळवली की तुमच्या सर्व्हरने 3 सेकंदांत ‘पोचलं’ म्हणायचं. नाही म्हटलं तर तीच घटना पुन्हा पाठवतात, जवळपास लगेच, मग एका मिनिटाने, मग पाच मिनिटांनी. आधी ‘पोचलं’ म्हणायचं आणि मग सावकाश पान लिहायचं. यांची स्क्रिप्ट आधी पान लिहीत बसते. परत आलेल्या घटनेवर ओळखक्रमांकही तोच असतो, तो ताडून पाहिला असता तरी दुसरं पान झालं नसतं. पैसे घेऊन काम करता, एवढं वाचायला नको?

आणि ते रिमाइंडर! सकाळी 9 ला कंटेनरचं तापमान तपासा, असं लावलंय. येतं दुपारी अडीचला. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. तोवर गाडी भुसावळ ओलांडून न्हावाशेवाच्या रस्त्याला लागलेली असते. मी तक्रार केली तर उत्तर काय, ‘नोट केलंय’. ‘नोट केलंय’ म्हणणाऱ्या माणसाने आजवर काही केलेलं मी पाहिलेलं नाही.

हे सगळं अशक्य असतं तर मी गप्प बसले असते. वॉर्ड कनिंगहॅमने पहिला विकी 1995 साली सुरू केला, त्यातही अलीकडच्या बदलांचं वेगळं पान होतं. विकिपीडियावर लॉगिन करून संपादन करायला गेलं तर खाली ‘छोटा बदल’ अशी चौकट असते आणि काय बदललं ते एका ओळीत लिहायला जागा असते. म्हणजे स्वल्पविराम कोणता आणि आकडा कोणता, हे वेगळं काढायची सोय कधीचीच झालेली आहे. आमच्या विकीतही जुनं पान आणि नवं पान शेजारी ठेवून बघता येतं. बॉटने तेवढंच उचलून लिहायचं होतं: पेटी 13 किलो होती, आता 7 किलो, उद्याच्या कंटेनरपासून. पॅकिंगचं पान बदललं तर पॅकहाउसला कळवा, रजेचं बदललं तर ऑफिसला, मथळा ठळक केला तर कोणालाच कळवू नका. आणि माल भरण्याआधी जो आकडा बदलतो त्याला मुकादमाकडून ‘कळलं’ असं उत्तर आल्याशिवाय काम पुढे सरकू देऊ नका. उत्तर आलं नाही तर फोन उचला. त्याला काय लागतं?

पण ते करायचं नाही. दुपारी चॅनलवर नवी घोषणा झाली, आता म्हणे फेज टू. एआय रोज सकाळी सगळ्या मेसेजांचा सारांश देणार. त्याचा मेसेज कुठे येणार? त्याच चॅनलवर. सविस्तर वाचायची लिंक कुठली? त्याच विकीची. खाली सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी टाकले, पेट्या फोडून झालेल्या नव्हत्या तेव्हाच.

मी तिथेच लिहिलंय, सगळ्यांना दिसेल असं: आधी पॅकहाउसच्या माणसांना लॉगिन द्या, दादांना पेट्यांच्या पैशांबद्दल जे बोललात ते मागे घ्या, मग फेज टू काढा. अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही. आता मी म्हणू का, मेसेज तर गेला होता ना?